पट्टा कुणाचा?

इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग होते. मालक दुसरे, अण्णा तिथं जॉबर. माग अडला, फणी वाकली, धोटा उडाला की अण्णांना हाक. मी सहावीत असेन. एकदा तपासणीच्या टेबलावर पांढऱ्या पॉपलीनचा तागा पसरला होता आणि मालक वैतागले होते. कापडात आडवे, अगदी फिकट पट्टे पडले होते. समोरून दिसत नव्हते. उजेडाकडं तिरकं धरलं की दिसायचे. मालकांचं म्हणणं, बाण्याचं सूत खराब आलंय, व्यापाऱ्याला परत करा. अण्णा काही बोलले नाहीत. खिशातून टेप काढून दहा-बारा पट्ट्यांमधली अंतरं मोजली. सगळी सारखी.

"सूत खराब असतं तर पट्टं कुठंबी पडलं असतं," अण्णा म्हणाले. "हे मोजून पडल्यात. मोजून पडणारी खोट मशीनची असती."

मग ते मागाखाली शिरले आणि कापड ओढून घेणाऱ्या गिअरचा एक झिजलेला दात दाखवला. चाकाचा फेरा पूर्ण झाला की तो दात यायचा आणि तेवढ्यापुरतं कापड कमी ओढलं जायचं. पट्टा सुताचा नव्हताच.

आज माझं पोट ज्या कामावर चालतं, त्याचं नाव लांबलचक आहे. तांबं, निकेल, लोखंड अशा संक्रमण धातूंच्या ऑक्साइडमध्ये दुसरा धातू थोडासा मिसळला की आतला विद्युतभार कसा वागतो, ते क्ष-किरणांच्या प्रकीर्णनातून, म्हणजे ते पदार्थावर आपटून कसे विखुरतात त्यावरून, बघायचं. गावाकडं कुणी विचारलं तर मी सांगते, "पट्टे मोजते." अण्णांना ते लगेच पटतं. शिवाय मी 'बीम मिळालंय' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं ताण्याचं सूत गुंडाळलेला भला मोठा रूळ येतो, कारण आमच्याकडं बीम म्हणजे तो. "भरलं का बीम?" असं ते फोनवर विचारतात. "भरलं," मी म्हणते. सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे आम्हाला क्ष-किरणांचा झोत पुरवणाऱ्या यंत्राच्या, कड्यात इलेक्ट्रॉन सोडून झाले या अर्थानं ते खरंही असतं.

आता पट्टे कसले, ते सांगते.

लॅन्थेनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं एक ऑक्साइड आहे. त्यात तांबं आणि ऑक्सिजनचे सपाट थर असतात, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. प्रत्येक तांब्याच्या ठिपक्यावर एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. पाठ्यपुस्तकातल्या साध्या नियमानं बघितलं तर अशा पदार्थातून वीज छान वाहायला हवी. प्रत्यक्षात तो पक्का विद्युतरोधक आहे. कारण पंगत पूर्ण भरलेली आहे. प्रत्येक पाटावर एक माणूस, आणि हलायचं तर शेजारच्याच्या मांडीवर बसावं लागणार. इलेक्ट्रॉनांना एकमेकांच्या मांडीवर बसणं फार महागात पडतं, म्हणून सगळे जागच्या जागी. निकेल ऑक्साइडबद्दल हीच अडचण १९३७ साली द बूर आणि व्हेरवे या दोघांनी मांडली होती. नियम सांगतो वाहक, हातात येतो रोधक. पुढं मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला आणि असल्या पदार्थांना त्यांचंच नाव पडलं.

आता थोड्या लॅन्थेनमच्या जागी बेरियम घाला. बेरियम एक इलेक्ट्रॉन कमी देतो, तेवढा पंगतीतून एक जण उठतो. रिकामा पाट झाला की हालचाल सुरू होते. या रिकाम्या पाटाला आम्ही 'होल' म्हणतो, आणि मिसळण्याला 'डोपिंग'. डोपिंगला मराठी शब्द शोधायचा मी बराच प्रयत्न केला. 'भेसळ' म्हटलं की दूधवाला आठवतो. 'विरजण' मला फार आवडला होता, चमचाभरानं पातेलंभर दुधाचा स्वभाव बदलतो म्हणून. पण विरजण स्वतः वाढतं, बेरियम जिथं बसला तिथं बसला. शेवटी डोपिंगच ठेवलं. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना याच लॅन्थेनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडात ३० केल्व्हिनच्या (उणे २४३ अंश सेल्सिअसच्या) आसपास अतिवाहकता, म्हणजे विजेला काहीच अडथळा न उरणं, दिसू लागली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

मला मात्र ओढ लागली ती यातल्या एका खड्ड्याची. बेरियम वाढवत नेला की अतिवाहकतेचं तापमान वाढतं, मग पुन्हा उतरतं. आलेखावरचा हा घुमट अखंड असायला हवा. पण दर आठ तांब्यांमागं एक होल, या प्रमाणावर तो मधोमध कोसळतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांत हा खड्डा दिसला. आजूबाजूला तीस अंशांच्या घरात असलेलं तापमान तिथं चार-पाचच्याही खाली जातं. एक-अष्टमांशावरच का? याचं उत्तर १९९५ मध्ये ट्रँक्वाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन वापरून दिलं, थोड्या वेगळ्या, निओडिमियम घातलेल्या भावंडावर. रिकामे पाट कुठंही विखुरलेले नव्हते. ते रांगा करून बसले होते. दर चौथ्या ओळीला होलांचा एक पट्टा, आणि मधल्या ओळींत चुंबकीय इलेक्ट्रॉन पूर्वीसारखेच शिस्तीत. चार ओळींत मिळून एकच पट्टा, म्हणून आठात एकाचं प्रमाण त्या पट्ट्यावर दोघांत एक होतं. हिशोब इतका चपखल बसतो की पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा मी उगाच दोनदा करून बघितला.

पण न्यूट्रॉनला विद्युतभार दिसतच नाही. त्याला अणूंची केंद्रकं दिसतात आणि चुंबकत्व दिसतं. भाराचा पट्टा पडला की शेजारचे अणू किंचित सरकतात, आणि त्या सरकण्यावरून भाराचा अंदाज बांधायचा. पावलांच्या ठशांवरून माणूस ओळखण्यासारखं झालं.

क्ष-किरणांना तरी भार दिसतो का? दिसतो, पण सगळाच दिसतो, आणि खरी पंचाईत तीच. लॅन्थेनमचे दोन अणू, प्रत्येकी ५७ इलेक्ट्रॉन, तांब्याचे २९, ऑक्सिजनचे चार अणू, प्रत्येकी ८. बेरीज १७५. त्यात मला हवा आहे एक-अष्टमांश होल. म्हणजे चौदाशेत एक. आणि प्रकीर्णनाची तीव्रता भाराच्या वर्गानं जाते, म्हणून चौदाशेचा वर्ग, जवळजवळ वीस लाखांत एक. गणपतीच्या मिरवणुकीत कुणीतरी कानात पुटपुटलेलं ऐकायचं, तशी गत.

यावर उपाय अनुनादाचा. सारंगीला खाली तरफेच्या तारा असतात. वरच्या तारेवर बरोबर तोच स्वर लागला की त्यांतली एखादी आपसूक बोलते, बाकीच्या गप्प. ऑक्सिजनच्या आतल्या, केंद्राला चिकटलेल्या इलेक्ट्रॉनला नेमका होलाच्या रिकाम्या जागेत उडवायला साधारण ५२९ इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा लागते. क्ष-किरण तेवढ्याच ऊर्जेचे निवडले की होल बोलू लागतो आणि उरलेल्या शेकडो इलेक्ट्रॉनांचा गलबला मागं पडतो. तांब्याची तार ९३१ च्या आसपास वाजते. २००५ मध्ये याच पद्धतीनं लॅन्थेनम-बेरियमवाल्या मूळ पदार्थात भाराचे पट्टे थेट टिपले गेले. पट्ट्यांमुळं आलेखावर उठणारं शिखर, ऊर्जा जरा इकडंतिकडं केली की गायब. 'भार आहे' असं म्हणायला तोपर्यंतचा सगळ्यात भक्कम आधार तो होता.

एक निसर्गकृपाही आहे. पट्ट्यांतलं अंतर दीड नॅनोमीटर, आणि ५२९ च्या किरणांची तरंगलांबी सव्वादोन-अडीचच्या मध्ये. तरंगलांबी आणि अंतर यांचा मेळ सांगणाऱ्या ब्रॅगच्या नियमात ती जेमतेम बसते. पट्टे जरा जवळ असते तर या ऊर्जेला ते कधीच दिसले नसते.

पण इतक्या मवाळ क्ष-किरणांना हवासुद्धा सोसत नाही. थोड्या अंतरातच शोषले जातात. म्हणून नमुना, त्याला फिरवणारी यंत्रणा, डिटेक्टर, सगळं निर्वातात. पोलादाच्या पिंपाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून दोन दिवस भाजायचं, भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जावं म्हणून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी अवाढव्य मक्याचं कणीस भाजायला ठेवलंय. नमुना तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, काळा, तकतकीत. आरशांच्या भट्टीत तासाला एखादा मिलिमीटर या गतीनं वाढवलेल्या कांडीतून तो कापलेला असतो. चांदीच्या पेस्टनं तांब्याच्या बिल्ल्यावर चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर एक छोटा खुंट चिकटवायचा, आणि निर्वातात गेल्यावर सळईनं त्या खुंटाला टिचकी. खुंटाबरोबर वरचा पापुद्रा निघून जातो आणि खाली ताजा पृष्ठभाग मिळतो. टिचकी जोरात बसली तर खुंटाबरोबर नमुनाही पिंपाच्या तळाशी. माझे दोन असे गेलेत. तिसऱ्या वेळी मी देवाचं नाव घेतलं, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

तर ती रात्र. जागा परदेशातली, नाव सांगत नाही. सहा महिन्यांआधी अर्ज करून मिळालेले पाच दिवस, त्यातली तिसरी रात्रपाळी. डब्यात दडपे पोहे होते, दुपारीच केलेले आणि आता वातड झालेले. नमुना २० केल्व्हिनला, ऊर्जा ९३१, आणि मी पट्ट्यांच्या आधी वेगळंच एक शिखर शोधत होते. या स्फटिकाच्या एका उभ्या घरात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, तांब्याचे दोन थर असतात, बरोबर निम्म्या अंतरावर. दोन्ही सारखेच, म्हणून पूर्ण अंतराचं शिखर रद्द होतं. थर-थरांमधल्या निम्म्या अंतराचं तेवढं दणदणीत येतं. पण ५४ केल्व्हिनच्या खाली तांब्याभोवती ऑक्सिजननं केलेल्या अष्टफलकांचा (आठ बाजूंच्या आकारांचा) कल एका थरात एकीकडं, तर पुढच्यात काटकोनात वळतो. मग ९३१ च्या प्रकाशाला दोन थर वेगळे दिसतात आणि रद्द झालेलं शिखर जिवंत होतं. पट्टेही याच तापमानाला येतात. २०१६ साली याच शिखराच्या तपमानाबरोबरच्या चढउतारावरून, अणूंचा कल आणि इलेक्ट्रॉनांची स्वतःची दिशा या दोन गोष्टी सुट्या करून दाखवल्या गेल्या होत्या. मला तेच माझ्या नमुन्यावर करायचं होतं.

डिटेक्टर ६० अंशांजवळ आला आणि पडद्यावर शिखर उभं राहिलं. सणसणीत. इंग्रजीत त्याला 'पीक' म्हणतात, आणि मी आईला रात्री दीड वाजता, तिकडची सकाळ बघून, मेसेज केला : पीक आलं. आईनं अंगठा पाठवला.

माझ्यासोबत पाळीला एक वयस्क संशोधिका होत्या, या धंद्यात तीसेक वर्षं काढलेल्या. त्यांनी पडदा बघितला, चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "ऊर्जा दहानं कमी कर." ९२१ ला तांब्याची तार बोलत नाही. तिथं शिखर मरायला हवं होतं. कोन किंचित सरकला, शिखर तसंच. "आता गरम कर." १०० केल्व्हिनला तसंच. खोलीच्या तापमानापर्यंत नेलं, तोवर उजाडलं होतं. तसंच, ढिम्म.

मग त्यांनी किरणांच्या वाटेत पातळ ॲल्युमिनियमचा पडदा सरकवला. पार्श्वभूमीचा गजर साधारण निम्म्यावर आला, शिखर मात्र पावपट झालं. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, थोडा उशिरा. हे शिखर ९३१ च्या प्रकाशाचं नव्हतंच. आमची ऊर्जा निवडतो तो ग्रेटिंग नावाचा बारीक रेघांचा आरसा. तो ९३१ ला लावला की त्याच कोनातून दुप्पट ऊर्जेचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाशही चोरपावलांनी थोडा निसटतो. ॲल्युमिनियम त्या चोराला जास्त गिळतो, म्हणून तो पकडला गेला. निम्म्या तरंगलांबीला त्याच कोनात दिसणार काय? तर निम्म्या अंतराचं ते दणदणीत, कायम असणारं शिखर. नेमकं तिथंच, जिथं मी माझं नाजूक शिखर शोधत होते.

मोजून पडलेली खोट. मशीनची.

दुपारी अण्णांना फोनवर सांगितलं. ग्रेटिंग, अनुनाद सगळं गाळून, एवढंच सांगितलं की जिथं पट्टा हवा होता बरोबर तिथंच मशीननं पट्टा पाडला. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असं हुतं. डिझाइन आठ इंचाचं आणि रुळाचा फेराबी आठ इंचाचा, की कळतच न्हाई. मग एकच करायचं. डिझाइन बदलून विणायचं आणि पट्टा हलतोय का बघायचं." आम्ही रात्रभर जे केलं ते हेच होतं, फक्त एका पाळीची किंमत मोजून. मी त्यांना तसं म्हटलं नाही. "आधी का न्हाई विचारलंस" हे ऐकायची तयारी नव्हती.

तरी ही खोट सोपी म्हणायची. ऊर्जा हलवली की उघडी पडते. निकेलच्या ऑक्साइडांची गोष्ट यापुढची आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं निओडिमियम-निकेलच्या एका पातळ पटलात अतिवाहकता दाखवली आणि आमच्या वर्तुळात एकच गडबड उडाली, कारण रचना तांब्याच्या ऑक्साइडांसारखीच. ती बनवायची रीत अशी की आधी जास्त ऑक्सिजनवाला पदार्थ वाढवायचा आणि मग रासायनिक प्रक्रियेनं थरांमधले ऑक्सिजन अलगद ओढून काढायचे. जिना बांधून झाल्यावर मधल्या पायऱ्या काढून घ्याव्यात तसं. २०२२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी त्यात भाराचे पट्टे सापडल्याचं छापलं. दर तीन घरांमागं एक, निकेलच्या ऊर्जेला बोलणारे. ऊर्जा हलवली की शिखर मरत होतं. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या परीक्षेत ते उत्तीर्ण होते.

पुढं दोनेक वर्षांत दुसऱ्यांनी पटलं फार निगुतीनं बनवली, टप्प्याटप्प्यानं ऑक्सिजन काढत प्रत्येक टप्प्याला मोजलं. ऑक्सिजन पुरता निघाला की शिखरही निघून जात होतं. काढायचे राहून गेलेले ऑक्सिजन दर तिसऱ्या घरात ओळीनं उरले होते, आणि त्यांच्या शेजारचं निकेल साहजिकच वेगळं बोलत होतं. पट्टा खरा होता, निकेलचा आवाजही खरा. पण तो रिकाम्या पाटांनी आपणहून केलेल्या रांगेचा नव्हता. यात आधीच्या लोकांना हसणारे मी पाहिलेत. मला ते बरं वाटत नाही. त्यांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं होतं.

आणि 'भार' म्हणजे तरी काय, इथंही आमची बोली जरा ढिली आहे. वर ज्या व्हेरवेंचं नाव आलं, त्यांनीच १९३९ मध्ये मॅग्नेटाइटबद्दल, म्हणजे आपल्या साध्या लोहचुंबकाच्या दगडाबद्दल, सांगितलं की सुमारे १२० केल्व्हिनला त्यातले दोन भारांचे आणि तीन भारांचे लोह-अणू आपापल्या जागा पकडून बसतात आणि वीज अडते. चित्र किती स्वच्छ! काळे-पांढरे चौकोन. पुढं क्ष-किरणांनी आणि न्यूट्रॉनांनी बारकाईनं बघितलं तर दोन प्रकारच्या लोहांतला फरक एक पूर्ण इलेक्ट्रॉनाचा नाहीच, त्याच्या लहानशा अंशाचा निघाला. मँगनीजच्या ऑक्साइडांतही तेच. सेमिनारला आम्ही फळ्यावर तीन अधिक, चार अधिक लिहितो, रंगीत खडूनं ठिपके काढतो, आणि आत प्रत्यक्षात फिकट आणि जरा कमी फिकट एवढाच भेद असतो. उजेडाकडं तिरकं धरल्याशिवाय न दिसणारा.

त्या पाच दिवसांपैकी दीड दिवस उरला होता. सगळा पट्ट्यांना दिला. ऊर्जा ५२९, तापमान २०, आणि दर चार घरांमागचा पट्टा जिथं दिसायला हवा त्या जागेभोवती सावकाश मोजणी. गारठ्यात नमुन्यावर उरल्यासुरल्या वाफेचा बर्फ साचतो, आणि बर्फातही ऑक्सिजन असतो, म्हणून दर काही तासांनी गरम करून तो उडवायचा आणि पुन्हा सुरुवात. शेवटच्या पहाटे आलेखावर एक बुटका उंचवटा दिसू लागला. ५३१ ला तो नव्हता. ६० केल्व्हिनला नव्हता. परत २० ला आणला, परत आला. ॲल्युमिनियमचा पडदा घातला, तो पार्श्वभूमीइतकाच कमी झाला. त्या बाई म्हणाल्या, "हं." त्यांच्याकडून 'हं' म्हणजे खूप.

या वेळी आईला काही कळवलं नाही. गावी गेले तेव्हा लॅपटॉपवर अण्णांना दाखवला. शेड आता विकली गेली आहे. माग भंगारात गेले. अण्णांनी त्यांची पितळी घडीची भिंग, कापडाचे धागे मोजायची, पिक ग्लास म्हणायचे ते, ती मात्र ठेवलीय. सवयीनं त्यांनी ती पडद्यावर टेकवली, पिक्सेलचे लाल-हिरवे चौकोन बघितले आणि बाजूला ठेवली.

"एवढा पसरट का गं हा?"

मी सांगितलं, नक्षी जितकी लांबवर न चुकता जाते तितकं शिखर टोकदार होतं. इथं साधारण पंचवीस नॅनोमीटर गेली की ताल सुटतो. एक पट्टा दीडचा.

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "सोळा-सतरा पट्टं झालं की चुकतंय?"

"बेरियम कुठंही पडलेले असतात ना आत. त्यात पट्टे अडकतात."

"बेरियमला कशाला बोल लावतीस," अण्णा म्हणाले. "सतरा पट्ट्यांत चुकतंय म्हंजे मागावर नवं पोरगं बसलंय."